बकरी सोपी, सूर्य अवघड

लेकरांसाठी लिहायचं म्हणलं की लोक आधी अर्थ सोपा करतात, पण नुकतं वाचायला लागलेल्या पोराची गाडी अडते ती अक्षरापाशी. 'सूर्य उगवला, पक्षी किलबिल करू लागले.' असलं वाक्य आपण कुणीही डोळे झाकून लिहून टाकू. आता तेच पहिलीतल्या पोराच्या नजरेनं बघा, सूर्यमधला र बोलायचा य च्या आधी पण बसलाय य च्या डोक्यावर, क्ष मध्ये क कुठं दिसतच नाही, आणि 'कि' ची वेलांटी काढायची आधी, बोलायची नंतर. वैद आणि गुप्ता यांनी २००२ मध्ये हिंदी वाचणाऱ्यांवर केलेल्या अभ्यासात ही पहिली वेलांटी असलेले शब्द वाचायला जास्त वेळ लागतो असं दिसलं होतं.

त्यात आपल्या मेंदूत वाचनासाठी म्हणून जन्मतः काही सोय नसते. लिपी निघून जेमतेम पाच हजार वर्षं झाली, तेवढ्यात मेंदू कसा बदलणार? म्हणून डावीकडं, मागं खालच्या अंगाला वस्तू आणि चेहरे ओळखणारा जो भाग असतो त्यातलाच एक तुकडा अक्षरांच्या कामाला जुंपला जातो (फ्रान्सचे मेंदूशास्त्रज्ञ स्टानिस्लास देहान यांचं यावर बरंच काम आहे). इंग्रजीवाल्यांना २६ अक्षरं, आपली ३४ व्यंजनं बाराखडीत घातली की ४०८ आकार, जोडाक्षरं वेगळीच. एवढं सगळं पहिल्याच पुस्तकात ओतलं तर वाक्याच्या शेवटाला येईस्तोवर पोरगं सुरुवात विसरलेलं असतं.

बरं नुसती अक्षरं जमूनही भागत नाही. गफ आणि टनमर या वाचनाच्या अभ्यासकांनी १९८६ मध्ये मांडलं की वाचन म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषा समजणं, एक शून्य असलं की उत्तर शून्य. मराठीत तर हे जास्तच लागू पडतं कारण 'बकरी' लिहिलेलं असतं ब-क-री, पण आपण म्हणतो बक्-री, मधला अ कुठं गिळायचा ते कागदावर लिहिलेलं नसतं. पोरगं ब... क... री... करत जातं आणि शब्द कानावरचा असला की एकदम 'हां, बकरी!' म्हणतं. परभणी-हिंगोलीकडच्या पोराला आखाडा, हुरडा, तूर, बाज हे शब्द असे झटकन सापडतात, पण शहरी पुस्तकातलं बंदर न् शहाळं कितीही सोप्या अक्षरात दिलं तरी पोरगं नुसतं आवाज काढतं.

मग पान कसं लिहायचं? समजा एवढंच:

बाबा बाजारात. बाबाजवळ भाजी. बाबामागं बकरी.

दहा व्यंजनं, काना, दुसरी वेलांटी, एक अनुस्वार, बास. यात गोष्ट कुठंय म्हणाल तर ती चित्रात, बकरीचं तोंड बाबाच्या पिशवीत आहे आणि बाबाला पत्ता नाही. पण चित्रात शब्दांचंच उत्तर देऊन टाकलं तर पोरं अक्षराकडं बघतच नाहीत, चित्र बघून ठोकून देतात, म्हणून मी तर म्हणेन पिशवीतली भाजी मेथी की कोथिंबीर हे चित्रानं सांगावं, 'बाजारात' हा शब्द मात्र पोरानंच सोडवावा.

आणि हिरोचं नाव प्रज्ञा, श्रद्धा ठेवायची हौस आवरा की राव, मीरा काय वाईट आहे?

छापायच्या आधी चार पोरांकडून मोठ्यानं वाचून घ्या, मधी बोलू नका, बोट कुठं थांबतं तेवढं टिपत बसा, सगळ्यांचं बोट एकाच शब्दावर थांबलं तर तो शब्द काढून टाका, तुम्हाला कितीही आवडत असला तरी.