लाल रंगाने बैल चवताळतो?

'स्पेनला जाताना लाल कपडे नेऊ नका, बैल अंगावर येतो' असं वर्षानुवर्षं फिरतंय. समज पटण्यासारखा आहे, कारण तिथल्या माणूस-बैल झुंजीत लाल फडकं दिसतंच. पण ते, म्हणजे मुलेता, शेवटच्या टप्प्यात येतं. त्याआधीचं मोठं कापड बाहेरून गडद गुलाबी, आतून बहुधा पिवळं. बैल त्यावरही तितकाच त्वेषाने धावतो. गुरांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या, आपल्याकडे तीन. लाल त्यांना आपल्यासारखा उठून जाणवत नाही. डिवचते ती हालचाल. झुंजीचा व्हिडिओ नीट पाहा: माणूस पाय रोवून उभा, शिंगं हलत्या कापडाकडे.

स्पेनमधल्या पाम्प्लोना शहरात 7 ते 14 जुलै रोज सकाळी मोकळ्या सोडलेल्या बैलांपुढे धावणाऱ्यांच्या गळ्यात लाल रुमालच असतो. तिथे पडलात तर पडूनच राहा. उठणाराच बैलाच्या नजरेत भरतो.