परकी त्वचा टिकत नाही, तरीही

मूत्रपिंड बसवायचं तर रक्तगट, ऊतींची जुळणी, क्रॉसमॅच (दात्याच्या पेशींविरुद्ध रुग्णाच्या रक्तात प्रतिपिंडं आहेत का ही चाचणी) हे सगळे सोपस्कार आलेच. त्वचादानाच्या वेळी यातलं काहीच विचारत नाहीत. मृताचा रक्तगट कोणताही असो, वय सत्तरीपुढचं असो, त्वचा घेतात. एड्स, कावीळ ब आणि क, त्वचेचा कर्करोग किंवा संसर्ग नाही ना, एवढं तपासलं की झालं. त्वचा हा आपला साधासुधा अवयव, म्हणून ही सवलत असावी असं पुष्कळांना वाटतं. खरं कारण नेमकं उलटं आहे. दुसऱ्याची त्वचा आपलं शरीर इतक्या हमखास नाकारतं की जुळवाजुळव करून फारसं काही हाती लागत नाही. दोन-तीन आठवड्यांत ती जाणार हे धरूनच सर्जन ती लावतो.

मग लावायचीच कशाला? त्यासाठी स्वतःची त्वचा कशी ‘लागते’ ते आधी पाहू. भाजलेल्या रुग्णाच्या मांडीवरून हम्बी नाइफने किंवा विजेवर चालणाऱ्या डर्माटोमने एक पापुद्रा काढतात. त्याची जाडी साधारण ०.२ ते ०.४ मिलिमीटर, म्हणजे बोटावर धरला तर पलीकडची रेघ दिसावी इतका पातळ. उचलल्या क्षणी त्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. जखमेवर ठेवल्यावर पहिले दीड-दोन दिवस तो खालून पाझरणारा द्रव शोषून तग धरतो. रंग फिकट, किंचित सुजलेला. दरम्यान जखमेतल्या केशवाहिन्यांची टोकं ग्राफ्टमधल्या, म्हणजे या लावलेल्या पापुद्र्यातल्या, रिकाम्या वाहिन्यांना जाऊन मिळतात. पाचव्या-सहाव्या दिवशी ड्रेसिंग उघडलं आणि खाली गुलाबी रंग दिसला की वॉर्डातल्या सिस्टरसुद्धा ‘लागला’ म्हणून मोकळ्या होतात. ग्राफ्टखाली रक्त साचलं, पट्टी सरकली किंवा स्ट्रेप्टोकॉकससारखा जंतू शिरला, तर मात्र सगळी मेहनत वाया. मांडीवर जिथून पापुद्रा काढला ती जागा केसांच्या मुळांशी उरलेल्या पेशींतून दोनेक आठवड्यांत भरून येते.

अडचण हिशेबाची आहे. बोटांसकट आपला तळवा म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा साधारण १ टक्का. निम्मं शरीर भाजलं तर पन्नास तळवे झाकायचे, आणि तेवढं काढायला शाबूत जागाच उरत नाही. उघड्या जखमेतून पाणी, प्रथिनं, उष्णता सतत बाहेर जात राहतात आणि जंतूंना दार सताड उघडं. अशा वेळी सख्ख्या भावाने ‘माझी घ्या’ म्हणणं स्वाभाविक आहे. पूर्वी सर्जनही घेत, आणि कधीकधी ती टिकते असं त्यांच्यातल्या अनेकांचं मतही होतं.

या मताचा निकाल लागला तो ग्लासगोत. दुसरं महायुद्ध चालू होतं, भाजलेले वैमानिक आणि नागरिक येत होते. ऑक्सफर्डचा प्राणिशास्त्रज्ञ पीटर मेदावार याला तिथल्या रॉयल इन्फर्मरीत प्लास्टिक सर्जन टॉमस गिब्सनबरोबर काम करायला पाठवलं गेलं. गॅसच्या शेगडीवर पडून भाजलेल्या एका तरुणीवर दोघांनी तिच्या स्वतःच्या त्वचेचे छोटे तुकडे लावले, आणि शेजारी तिच्या भावाच्या त्वचेचे. ठरावीक दिवसांनी दोन्हींचे नमुने काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. सुरुवातीला दोन्ही सारखेच रुजले. नंतर भावाचे तुकडे लाल झाले, त्यांत पांढऱ्या पेशी शिरल्या आणि ते गळाले. इथवर नवीन काही नव्हतं. सुमारे पंधरवड्याने त्यांनी भावाच्याच त्वचेची दुसरी खेप लावली होती, आणि ती पहिलीपेक्षा कितीतरी लवकर नष्ट झाली. जखमेत जागा नव्हती की रक्त कमी पडलं, या कशानेच याचा उलगडा होत नाही. शरीराने पहिली खेप ओळखून ठेवली होती! गोवर एकदा होऊन गेला की शरीर तो लक्षात ठेवतं, त्याच जातीची ही आठवण. १९४३ साली हा निबंध छापून आला. एका रुग्णावरच्या निरीक्षणातून इतकं मोठं काही निघाल्याची उदाहरणं वैद्यकात फार नाहीत. अर्थात नंतर मेदावारने सशांवर प्रयोगांची रास घालून ते पक्कं केलं, हेही खरं.

पुढचा धडा गोठ्यात मिळाला. जुळी वासरं एकबीज (एकाच बीजापासून झालेली, हुबेहूब सारखी) आहेत की द्विबीज हे ओळखून द्या, अशी एका जनुकशास्त्रज्ञाची विनंती आली. मेदावारला ते सोपं वाटलं: एकमेकांची त्वचा लावा, टिकली तर एकबीज. पण जवळजवळ सगळ्याच जुळ्यांची टिकली, अगदी एक कालवड आणि एक गोऱ्हा असलेल्यांचीही. कोडं सुटलं ते अमेरिकेतल्या रे ओवेनच्या १९४५ मधल्या कामामुळे. गाईच्या जुळ्या गर्भांचा रक्तप्रवाह वारेतून एकमेकांत मिसळतो आणि जन्मानंतरही एकाच्या अंगात दुसऱ्याच्या रक्तपेशी बनत राहतात. गर्भातच ओळख झाली की शरीर परकेपण मानत नाही. बिलिंगहॅम, ब्रेंट आणि मेदावार यांनी १९५३ साली उंदरांच्या गर्भात परक्या पेशी टोचून हेच मुद्दाम घडवून दाखवलं. मेदावारला १९६० चं नोबेल मिळालं, ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ फ्रँक मॅकफार्लेन बर्नेटबरोबर.

ही सगळी हकिगत प्लास्टिक सर्जरीची आहे, यावर लोकांचा पटकन विश्वास बसत नाही. आपल्याकडे हा शब्द नट-नट्यांच्या नाकांवरच खर्ची पडला आहे. पण मूत्रपिंडाचं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण करणारा जोसेफ मरे हाही प्लास्टिक सर्जनच. युद्धकाळात पेनसिल्व्हेनियातल्या लष्करी रुग्णालयात भाजलेल्या सैनिकांवर परकी त्वचा लावताना ती हळूहळू कशी जाते हे त्याने रोज पाहिलं होतं. २३ डिसेंबर १९५४ ला बॉस्टनमध्ये त्याने एका जुळ्या भावाचं मूत्रपिंड दुसऱ्याला बसवलं. आणि दोघे खरंच एकबीज आहेत ना, याची खात्री आधी कशी केली? इतर तपासण्यांबरोबर एकाची त्वचा दुसऱ्याला लावून. ती टिकली, मगच मूत्रपिंडाला हात घातला.

आता पुन्हा बर्न्स वॉर्डात येऊ. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० पासून त्वचापेढी आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या, पाय आणि पाठीवरून पातळ थर घेतात. रक्त वाहत नाही, देह विद्रूप होत नाही. ही त्वचा ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये थंड जागी ठेवली की पाच वर्षांपर्यंत वापरता येते. तिच्यातल्या पेशी मरतात, पण तंतूंची वीण शाबूत राहते, आणि जखमेवर अंथरल्यावर द्रव गळणं थांबायला, वेदना उतरायला तेवढं पुरतं. गंभीर भाजलेल्यांची प्रतिकारशक्ती तशीही मंदावलेली असते, त्यामुळे ती थोडी जास्तही टिकते.

एक युक्ती मला विशेष आवडते. रुग्णाची स्वतःची थोडीशी त्वचा यंत्रातून काढून तिची जाळी करतात आणि चौपट-सहापट ताणतात. एवढ्या मोठ्या भोकांची जाळी उघडी ठेवली तर भरण्याआधीच सुकते. म्हणून तिच्यावर दात्याची त्वचा पांघरतात. वेस्ली अलेक्झांडर या अमेरिकी सर्जनने १९८१ मध्ये मांडलेली ही पद्धत. आत जाळीच्या कडांवरून रुग्णाच्या पेशी सरकत भोकं बुजवत जातात आणि वरचा परका थर खपलीसारखा सुटत जातो.

पेशी प्रयोगशाळेत वाढवण्याची कला १९७५ पासून आहे, रेनवाल्ड आणि हॉवर्ड ग्रीन यांची. तिकिटाएवढ्या तुकड्यातून तीन-चार आठवड्यांत मोठा पृष्ठभाग झाकण्याइतका थर मिळतो. पण ती नुसती बाह्यत्वचा, काही पेशींच्या जाडीची. खाली अंतस्त्वचेचा आधार नसल्याने फोड येतात, घर्षणाने सोलते. येल विद्यापीठाच्या चार्ल्स कुओनो यांनी १९८६ मध्ये यावर उपाय सुचवला. प्रतिकारशक्तीचा रोख मुख्यतः बाह्यत्वचेच्या पेशींवर असतो. अंतस्त्वचेत पेशी कमी आणि कोलॅजनचे तंतू जास्त. तेव्हा आधी दात्याची त्वचा लावायची, ती रुजली की वरचा थर घासून काढायचा आणि उरलेल्या पायावर रुग्णाच्या वाढवलेल्या पेशी बसवायच्या. म्हणजे परक्या त्वचेतलं काहीतरी कायमचं राहू शकतं. खर्च आणि प्रयोगशाळेची गरज पाहता आपल्याकडच्या बहुतेक रुग्णालयांत जाळी आणि पांघरूण हीच वाट चालते, आणि ती वाईट नाही.

यातल्या कोणत्याही पद्धतीने घामाच्या ग्रंथी परत येत नाहीत. पातळ ग्राफ्टमध्ये त्या उतरत नाहीत, वाढवलेल्या थरात त्या नसतातच. निम्म्याहून अधिक अंगावर ग्राफ्ट असलेला माणूस चंद्रपूरच्या मे महिन्यात दुपारी बाहेर पडला, तर त्याचं अंग थंड ठेवायचं काम उरलेल्या त्वचेवर पडतं. म्हणून डिस्चार्जच्या वेळी त्याला पाण्याची बाटली, ओला पंचा आणि सावली यांची ताकीद देतात. प्राण्यांवर आणि प्रयोगशाळेत घामाच्या ग्रंथी वाढवण्याचे प्रयत्न चालू आहेत. वॉर्डातल्या रोजच्या उपचारात त्या अजून आलेल्या नाहीत.