गाडी हेच घर: बेळगाव सीमाभागात पत्ता, पासिंग आणि मतदार यादीचे अर्ज

मोटरहोममध्ये बारा महिने राहायचं ठरवलेल्या माणसाचा अर्ज बहुतेक वेळा पहिल्याच पानावर अडतो, 'कायमचा पत्ता' या रकान्यात. आपल्या भागात लष्करातून निवृत्त झालेली जोडपी आहेत, घरभाडं वाचवून गाडीतूनच ऑनलाइन काम करणारी मुलं आहेत. गाडी तयार करण्यावर सगळी पुंजी घालतात आणि मग एका झेरॉक्ससाठी महिनोन्महिने हेलपाटे घालतात. ते बघवत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

गाडीत राहू नये असं सांगणारं कलम मोटार वाहन कायद्यात नाही. पण गाडीला घर नंबरही मिळत नाही. पंचायत किंवा महापालिका घरपट्टी लावते ती जमिनीवरच्या इमारतीला. त्यामुळे गाडी स्वतःच्या शेतात कायमची उभी केली, तरी पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) तिच्या नावाने उतारा देणार नाहीत. त्यावरून वाद घालू नका, तिथं त्यांचं बरोबर आहे. तुम्हाला लागतो तो एक खरा मुक्कामाचा पत्ता: जिथं टपाल पोचतं, जिथं तुम्ही परत येता आणि जिथली माणसं विचारल्यावर 'हो, हे इथलेच' म्हणतील. भावाचं घर, आई-वडिलांचं घर, चालेल. एजंटाने पैसे घेऊन दिलेला खोटा भाडेकरार मात्र नको. कुणी चौकशीला आलं की तो पहिल्याच प्रश्नाला उघडा पडतो, आणि मग खरा अर्जही संशयात सापडतो.

आधार आधी, बाकी नंतर

बाकीचे सगळे अर्ज आधारवरच्या पत्त्याशी ताडून पाहिले जातात, म्हणून सुरुवात इथून. स्वतःच्या नावावर लाईट बिल नसेल तर कुटुंबप्रमुखाच्या आधार कार्डावरून पत्ता बदलता येतो. ही सोय 2023 पासून ऑनलाइन आहे. नातं दाखवणारं कागदपत्र लागतं (रेशन कार्ड, विवाह नोंदणी दाखला, पासपोर्ट वगैरे). ते नसेल तर कुटुंबप्रमुखाचं ठरलेल्या नमुन्यातलं स्वयंघोषणापत्र चालतं.

अडतं ते पुढे. अर्ज तुम्ही केलात म्हणजे काम झालं असं नाही. कुटुंबप्रमुखाने, म्हणजे समजा तुमच्या भावाने, 30 दिवसांच्या आत त्याच्या आधार खात्यात लॉगिन करून संमती द्यायची असते. त्याचा मोबाईल आधारशी जोडलेला नसेल तर त्याला ओटीपी येणारच नाही, आणि मुदत संपली की अर्ज बंद. भरलेलं शुल्कही परत मिळत नाही. लोक हे 30 दिवस 'आधार यायला लागणारे दिवस' समजून वाट पाहत बसतात. तसं करू नका. अर्ज करण्याआधी भावाचा मोबाईल नंबर जोडलेला आहे का ते पाहा, आणि त्याच दिवशी त्याला शेजारी बसवून संमती देऊन टाका.

दुसरा मार्ग म्हणजे आधारच्या ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र, फोटोवर सही-शिक्क्यासह. राजपत्रित अधिकारी, तहसीलदार, आमदार, नगरसेवक हे देऊ शकतात. ते दिल्या तारखेपासून फक्त तीन महिने चालतं. मागच्या वर्षीचं जपून ठेवलेलं प्रमाणपत्र घेऊन येणारे अजून भेटतात.

नावाच्या स्पेलिंगकडे इथं जास्तच लक्ष द्या. मराठी शाळेच्या दाखल्यावर ज्ञानेश्वर 'डी-एन-वाय' ने सुरू होतो. नाडकचेरीत (कर्नाटकातलं स्थानिक महसूल कार्यालय) कन्नडमधून इंग्रजीत उतरवताना तोच 'जे-एन' ने सुरू होतो. पुढे आरटीओच्या संगणकाला ही दोन वेगळी माणसं वाटतात. पावती हातात पडली की काउंटर सोडण्यापूर्वी एकेक अक्षर वाचा. 2014 मध्ये बेळगावचं अधिकृत नाव बदलून बेळगावी झालं, त्यामुळे जुन्या-नव्या कागदांवर ते वेगळं दिसणारच. त्यावरून कुणी अडवलं तर त्यांना हे साल शांतपणे सांगा.

नाडकचेरीचा रहिवासी दाखला

अर्ज नाडकचेरीत किंवा ऑनलाइन, साधा आहे. गोची स्थळपाहणीत आहे. तलाठी येतो तेव्हा गाडी गोव्याच्या वाटेवर चोर्ला घाटात असते, घरी फक्त म्हातारी आई, आणि शेरा पडतो 'अर्जदार आढळला नाही'. अर्ज केल्यावर निकाल लागेपर्यंत गाडी हलवू नका. जायचंच असेल तर आईला आणि दोन शेजाऱ्यांना सांगून ठेवा, तलाठ्यालाही फोन करा.

पावतीवरचा सकाल क्रमांक जपा. सकाल म्हणजे कर्नाटकाचा वेळेत सेवा देण्याचा कायदा; त्याखाली प्रत्येक सेवेला दिवस ठरलेले आहेत. दिवस उलटले किंवा अर्ज फेटाळला, तर 30 दिवसांच्या आत वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं, आणि उशिरासाठी दिवसाला 20 रुपये, जास्तीत जास्त 500 रुपये भरपाई मागता येते. रक्कम छोटी आहे, पण अपील नोंदवलं की अडलेली फाईल हलते. 'पुढच्या आठवड्यात या' हे तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नका. मराठी माणूस कन्नड फॉर्म बघून आधीच दबकतो, आणि काउंटरवरचा आवाज चढला की निमूट निघून जातो. फॉर्म कन्नडमध्ये असला तरी अपिलाचा हक्क तुमचाच आहे.

एमएच पासिंगची गाडी

गाडी कोल्हापूर किंवा सांगलीची, मुक्काम निपाणी किंवा बेळगावचा, हे आपल्याकडे घरोघरी. नियम असा: एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवली, तर नवीन नंबर घ्यायचा. मोटार वाहन कायद्याचं कलम 47. 'तीस दिवस झाले, लाईफ टॅक्स भरा' हे वाक्य लोकांच्या डोक्यात बसलंय ते कर्नाटकाच्या 2014 च्या दुरुस्तीमुळे. उच्च न्यायालयाने ती 2016 मध्ये रद्द केली. तीस दिवसांची मुदत आहे ती कलम 49 खाली, पत्ता बदलल्याचं कळवण्याची. दोन्ही मुदती एकमेकींत मिसळू नका.

सीमेवरच्या कोगनोळी टोलवर गाडी अडवून विचारलं, तर गाडी महाराष्ट्रात कधी होती ते दाखवणारे कागद हवेत: फास्टॅगचं स्टेटमेंट, गॅरेजची बिलं, पेट्रोल पंपाच्या पावत्या. मात्र एक गोष्ट मनापासून सांगतो. खरोखर वर्षभर इकडेच राहत असाल तर महाराष्ट्रात चंदगडच्या मावशीचा पत्ता दाखवून टॅक्स वाचवू नका. कलम 40 प्रमाणे नोंदणी तिथंच व्हायला हवी जिथं मालक राहतो किंवा व्यवसाय करतो आणि गाडी एरवी ठेवली जाते. अपघात झाला आणि विमा कंपनीने चौकशी केली, तर वाचवलेल्या टॅक्सच्या कित्येक पट जाईल.

प्रक्रिया: जुन्या आरटीओकडून नमुना 28 मध्ये एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला (चेसिस नंबरच्या पेन्सिल प्रिंटसह), मग नवीन नंबरसाठी नमुना 27. बेळगावला केए-22, चिक्कोडीला केए-23. कर्ज असेल तर बँकेची संमती आधी घ्या, आणि थकलेली चलनं भरून टाका. एनओसी बहुतेकदा इथंच रखडते. 30 दिवसांत नकार कळवला नाही तर एनओसी दिली असं कायदा मानतो, हे कलम 48 मध्ये आहे. अर्जाची पोच त्यासाठी हवी. इकडे टॅक्स भरून नवीन आरसी मिळाली की महाराष्ट्रात भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मागा. पुष्कळ लोक दमून हा अर्ज करतच नाहीत.

पत्त्याचा कुठलाच कागद नसेल, तर केंद्रीय मोटार वाहन नियम 4 मध्ये सोय आहे: सबळ कारण असल्यास नोटरी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर केलेलं प्रतिज्ञापत्र अधिकारी स्वीकारू शकतो. 'शकतो' म्हणजे बंधन नाही. तरी अर्जासोबत नियमाचा क्रमांक लिहून लावा; कित्येक काउंटरवर हा नियम माहीतच नसतो.

टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन आत घर बांधणाऱ्यांनी

सीट काढून बेड, सिंक, ओटा बसवला, आरसीवर मात्र सीटसंख्या जुनीच. कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलात असा फरक करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर दर फेरफाराला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-124 हे वेगळं मानक आहे, आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन तपासणी संस्था त्याप्रमाणे मंजुरी देतात. बॉडी बिल्डरला ॲडव्हान्स देण्यापूर्वी ते प्रमाणपत्र आणि नमुना 22-अ (बॉडी नियमात असल्याचा बॉडी बिल्डरचा दाखला) देणार का, हे विचारा, लेखी घ्या. 'आरटीओत माझी ओळख आहे' एवढंच ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे गाडी सोडू नका. आरसीवर खासगी वापराची कॅम्पर व्हॅन किंवा मोटर कॅरॅव्हॅन असा वर्ग आला पाहिजे, आणि विमा पॉलिसीतही तोच.

लायसन्स: गाडीचं एकूण वजन 7,500 किलोपर्यंत असेल तर एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाचं लायसन्स पुरतं.

मतदार यादी

इथं कायदा अनपेक्षितपणे माणसाच्या बाजूने आहे. राहण्याचा कागदोपत्री पुरावा नसलेल्या बेघर माणसाने नमुना 6 (नवीन नाव नोंदवण्याचा अर्ज) मध्ये जी जागा लिहिली, तिथं बीएलओने (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) रात्री जाऊन तो खरंच तिथं झोपतो का हे पाहायचं, तेही एकाहून अधिक रात्री. खात्री पटली की पत्त्याचा पुरावा लागत नाही. कुठलाच मुक्कामाचा पत्ता नसलेल्यांनी ही निवडणूक आयोगाची सूचना छापून सोबत न्यावी आणि त्या दिवसांत गाडी लिहिलेल्या जागीच उभी ठेवावी. नाव आधीच कुठे असेल तर नमुना 6 नको, पत्ता बदलाचा नमुना 8 भरा. एकाच माणसाचं नाव चंदगडच्या यादीतही आणि बेळगावच्याही, असं सीमाभागात होतं. खोटं निवेदन दिल्यास एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. पात्रतेच्या तारखा आता वर्षातून चार: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर.

राहिलं गॅसचं. घरगुती कनेक्शनला पत्ता लागतो, पण 5 किलोचा छोटा सिलिंडर नुसत्या ओळखपत्रावर मिळतो. गाडी रस्त्यालगत सोडून गावाला जाऊ नका. सार्वजनिक जागी दहा तास बेवारस उभी असलेली गाडी पोलीस उचलू शकतात. आणि खानापूरकडे भीमगडच्या जंगलात रात्रीचा मुक्काम वनखात्याच्या परवानगीशिवाय करू नका.