फिजीचे ऊसमजूर ‘राजीखुशीने’ राबले का?

फिजीच्या उसाच्या मळ्यांवर गेलेल्या भारतीय मजुरांनी राजीखुशीने करार केला, मग पिळवणूक कसली, असं आजही सर्रास सांगितलं जातं. अंगठा त्यांनीच उठवला, हे खरं. पण ५ वर्षांचा तो करार मोडणं फौजदारी गुन्हा होता! खाडा झाला, नेमून दिलेलं काम अपुरं राहिलं, की दंड नाहीतर थेट तुरुंग. पुरुषाला दिवसाला १ शिलिंग (म्हणजे १२ पेन्स), बाईला ९ पेन्स; तेही काम पुरं झालं तरच. राहायला १० बाय ७ फुटांची खोली, तीत तीन पुरुष कोंबलेले. परतीचा प्रवास फुकट हवा, तर तिथेच आणखी ५ वर्षं काढा. १८७९ ते १९१६ दरम्यान ६० हजारांवर माणसं अशी नेली गेली. उरलेले करार रद्द व्हायला १९२० उजाडलं.