उंचीत काय आहे? आडवं पळण्यात आहे!

पतंगापासून वीज करण्याची बातमी आली की मथळा ठरलेला असतो: उंचावर वारा जोरदार, म्हणून वीज भरपूर. उंचीचा फायदा होतोच, पण खरी कमाई पतंग कुठल्या दिशेने पळवता यावर ठरते.

हे गणित अमेरिकेतल्या माइल्स लॉइड यांनी १९८० साली मांडलं. एका जागी तरंगणाऱ्या पतंगाला जेमतेम वाऱ्याचाच वेग लाभतो. तोच वाऱ्याला आडवा सोडला, की तो वाऱ्याच्या कितीतरी पट वेगाने धावतो. किती पट? पंखाला मिळणारी उचल हवेच्या अवरोधाच्या जितकी पट, साधारण तितकी. ही पट ४ धरली तर दोरीवरचा ताण जवळपास १६ पट होतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो.

या ताणाने जमिनीवरचा, दोरी गुंडाळलेला ड्रम फिरतो आणि जनित्र चालतं. आता ढील किती द्यायची? अजिबात नाही दिली तर ताण जबरदस्त, पण ड्रम जागचा हलत नाही. वाऱ्याच्याच वेगाने दिली तर ताणच उरत नाही. ढिलीचा वेग वाऱ्याच्या क्ष पट असेल, तर शक्ती क्ष × (१ − क्ष)² या प्रमाणात बदलते. हिचं शिखर क्ष = १/३ ला येतं; हवं तर मांडून बघा.

दोरी संपत आली की पतंग ओढून घ्यायचा. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या तंत्रज्ञान विद्यापीठात अंतराळवीर वुब्बो ओकल्स यांनी हे संशोधन सुरू केलं. तिथल्या मऊ कापडी पतंगांखाली, पतंगाच्या पट्ट्या ओढणाऱ्या मोटरींचा एक खोका लटकतो. डावीकडची पट्टी ओढली की पंखाचं डावं टोक पिळतं आणि पतंग डावीकडे वळतो. मागच्या पट्ट्या सैल सोडल्या की तो हवेत सपाट होतो, ताण उतरतो आणि थोडीशीच वीज खर्चून दोरी गुंडाळता येते. उड्डाणाचा मार्ग इंग्रजी आठाच्या आडव्या आकड्यासारखा ठेवतात. नुसत्या गोल फेऱ्या मारल्या तर दर फेरीला दोरीला एक पीळ बसेल. आठात उजव्या वळणाचा पीळ डावं वळण सोडवतं. मेख अशी की वळण्याची चपळाई हवेच्या वेगावर अवलंबून असते. पतंग मंदावला की सुकाणूही ढिलं पडतं.

पवनचक्क्या आता मोडीत निघणार, असं म्हणणाऱ्यांनी मकानीकडे बघावं. गूगलच्या पंखाखालच्या या कंपनीचा कडक पंख, अंगावरच जनित्रं घेऊन, २०१९ मध्ये नॉर्वेजवळच्या समुद्रावर उडाला. २०२० मध्ये गूगलची पालक कंपनी अल्फाबेटने हात काढून घेतला. तत्त्व चुकीचं नव्हतं, पण पतंग रोज चालवणं अवघड. पवनचक्की अधूनमधून देखभाल केली की वर्षानुवर्षं एकटीच फिरते. पतंगाला दर वादळाआधी सुखरूप उतरवावं लागतं, तेही माणसाचा हात न लागता.