आकडा वाऱ्याचा, घात पाण्याचा

ऑगस्ट २००४ मध्ये 'चार्ली' हे हरिकेन, म्हणजे अटलांटिकमधलं जबर चक्रीवादळ, फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्याला धडकलं, तेव्हा त्याचे वारे ताशी सुमारे २४० किलोमीटर वेगाने वाहत होते. एक ते पाच या मोजपट्टीवर श्रेणी चार. चार वर्षांनी, सप्टेंबर २००८ मध्ये, टेक्ससमध्ये गॅल्व्हेस्टनजवळ 'आइक' आलं. त्याचे वारे ताशी १७५ किलोमीटर, श्रेणी दोन. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे आइकच्या वाऱ्याचा जोर चार्लीच्या जेमतेम निम्मा होता. पाण्याचा हिशेब मात्र उलटा निघाला. चार्लीने समुद्र साधारण दोन मीटर चढवला. आइकने बोलिव्हर नावाच्या चिंचोळ्या भूपट्टीवर साडेचार ते सहा मीटर. तिथली गिलख्रिस्ट ही वस्ती जवळजवळ पुसली गेली. नंतर काढलेल्या हवाई छायाचित्रांत समुद्राच्या बाजूला एकच घर उभं दिसतं. त्याच्या मालकांचं आधीचं घर २००५ च्या 'रीटा' वादळात गेलं होतं, म्हणून नवं बांधताना त्यांनी ते उंच खांबांवर चढवलं होतं.

अटलांटिक महासागर आणि मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर हरिकेनचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा मानला जातो. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तो ऐन भरात असतो, कारण उन्हाळाभर तापलेलं समुद्राचं पाणी तोवर पुरतं ऊबदार झालेलं असतं. वर्षाला सरासरी १४ वादळांना नावं मिळतात, त्यांतली सात हरिकेन होतात आणि तीन तीव्र. हे सहा महिने टीव्हीच्या पडद्यावर एकच आकडा नाचत असतो: श्रेणी किती? लोकही त्यावरच ठरवतात. दोन आहे ना, मग राहू इथेच. माझ्या मते या किनाऱ्यावरचा सगळ्यात घातक गैरसमज हाच आहे.

ही श्रेणी आली कुठून? फ्लोरिडातले स्थापत्य अभियंता हर्बर्ट सॅफिर आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राचे तेव्हाचे संचालक रॉबर्ट सिम्पसन यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ती रूढ केली. सॅफिर यांचा प्रश्न इमारतींचा होता: किती वाऱ्यात घराचं काय होईल? सिम्पसन यांनी त्यात प्रत्येक श्रेणीसाठी समुद्र किती चढेल याचे अंदाज घातले. ते अंदाज इतके चुकत गेले की २०१० मध्ये हरिकेन केंद्राने ते काढूनच टाकले आणि मोजपट्टीच्या नावातच 'वारा' हा शब्द घातला. ताशी ११९ किलोमीटरपासून श्रेणी एक, २५२ पासून श्रेणी पाच. आता ही मोजपट्टी फक्त वाऱ्याबद्दल बोलते. बोलणारे आणि ऐकणारे मात्र अजून तिच्यात सगळं वादळ शोधतात.

अमेरिकेत १९६३ ते २०१२ या ५० वर्षांत अटलांटिकच्या वादळांनी थेट घेतलेल्या बळींचा अभ्यास झाला आहे. त्यातले सुमारे ९० टक्के लोक पाण्याने गेले. जवळजवळ निम्मे एकट्या वादळी उधाणाने, म्हणजे वादळाने जमिनीवर ढकललेल्या समुद्राने. वाऱ्याचा वाटा दहा टक्क्यांच्या आतबाहेर.

उधाण नेमकं चढतं कसं? वादळाच्या मध्यभागी हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे तिथलं पाणी वर खेचलं जातं, असं अनेकांना वाटतं. ते खोटं नाही, पण त्याचा वाटा किरकोळ. दाब एक मिलिबारने उतरला की पाणी साधारण एक सेंटिमीटर चढतं. अतितीव्र वादळातही दाब शंभरेक मिलिबारने उतरतो, म्हणजे फार तर एक मीटर. उरलेलं सगळं काम वाऱ्याचं. तो तासन्‌तास पाण्याचा पृष्ठभाग एका दिशेने रेटत राहतो. खोल समुद्रात असं रेटलेलं पाणी खाली जातं आणि तळातून परत फिरतं, पातळी फारशी वाढत नाही. किनाऱ्याजवळ तळ उथळ झाला की परतीची वाट बंद होते आणि पाण्याला वर चढण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

म्हणून तेच वादळ दोन किनाऱ्यांवर दोन वेगळ्या गोष्टी करतं. मायामीजवळ समुद्रतळ किनाऱ्यापासून लगेच खोल उतरतो. तिथे उधाण कमी, फुटणाऱ्या लाटा मोठ्या. लुइझियाना, मिसिसिपी, टेक्सस आणि फ्लोरिडाचा पश्चिम किनारा इथे समुद्रबूड जमीन लांबवर उथळ आहे. शिवाय खाड्या आणि किनाऱ्याचे बाक पाण्याला नरसाळ्यासारखे एका जागी गोळा करतात.

वादळाचा आकारही वेगापेक्षा जास्त मोलाचा ठरतो. चार्ली लहान, घट्ट आणि वेगाने पुढे सरकणारं होतं. त्याचा जबर वारा अरुंद पट्ट्यात वाहिला आणि पुढे गेला. आइक अवाढव्य होतं. त्याने आखाताचा प्रचंड विस्तार कितीतरी तास ढवळला. बोलिव्हरवर सगळ्यात वाईट गोष्ट तर वादळ यायच्या आधीच घडली. आइक १३ सप्टेंबरच्या पहाटे किनाऱ्याला लागलं, पण १२ तारखेच्या सकाळीच, वादळ समुद्रात दूर असताना, भूपट्टीवरून बाहेर पडायचा एकमेव महामार्ग पाण्याखाली गेला. सकाळी उठून, आवरून, मग निघू असं ठरवलेले लोक तिथेच अडकले.

मग बाजू कुठली, हाही प्रश्न असतो. उत्तर गोलार्धात ही वादळं घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात. वादळ ज्या दिशेने सरकतंय तिकडे तोंड केलं, तर उजव्या हाताला फिरण्याचा आणि सरकण्याचा वेग एकत्र येतो. डाव्या हाताला ते एकमेकांतून वजा होतात, आणि किनाऱ्यावर तिथे वारा बऱ्याचदा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. सप्टेंबर २०२२ मध्ये 'इयन' येताना दिवसेंदिवस सगळ्यांचे डोळे टँपाकडे लागले होते. ते वळून दक्षिणेला धडकलं. टँपाचा उपसागर डाव्या हाताला पडला आणि तिथलं पाणी ओसरून तळ उघडा पडला. माणसं त्या चिखलात फिरायला उतरली. (हे अजिबात करू नये. वारा फिरला की पाणी परत येतं.) उजव्या हाताला, फोर्ट मायर्स बीचवर, त्याच वेळी तीन ते साडेचार मीटर उधाण घरांच्या वरच्या मजल्यांना भिडत होतं.

यात भरती-ओहोटीची भर पडते. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये 'सँडी' न्यूयॉर्कजवळ पोचलं तेव्हा शास्त्रीय व्याख्येत ते हरिकेन उरलंही नव्हतं. पण ते पौर्णिमेच्या दिवशी, भरतीच्या वेळेला आलं. शहराच्या दक्षिण टोकावर पाणी विक्रमी उंचीला गेलं आणि भुयारी रेल्वेत शिरलं. तेच सहा तासांनी आलं असतं, तर नोंद बरीच वेगळी झाली असती.

मिसिसिपीच्या किनाऱ्यावर एक कडवट वाक्य बोललं जातं: कॅमिलने १९६९ पेक्षा २००५ मध्ये जास्त माणसं मारली. कॅमिल हे १९६९ चं श्रेणी पाचचं वादळ. त्याचं उधाण सात मीटरच्या वर गेलं होतं. त्यात ज्यांच्या दारापर्यंत पाणी आलं नाही, त्यांनी मनाशी गाठ बांधली की आपलं घर सुरक्षित. २००५ मध्ये 'कट्रिना' आलं ते श्रेणी तीनचं. तीन म्हणजे पाचपेक्षा कमी, मग कशाला हलायचं? पण कट्रिना पसरट होतं. आदल्या दिवशी समुद्रावर ते श्रेणी पाचचं होतं, आणि तेव्हा उठवलेल्या लाटा वारा मंदावला म्हणून मंदावल्या नव्हत्या. पास ख्रिश्चनजवळ पाणी साडेआठ मीटर चढलं. अनुभव हा गुरू खरा, पण एकाच वादळाचा अनुभव नव्या वादळात उलटू शकतो.

पाण्यापुढे घराचा टिकाव का लागत नाही हे समजायला वजन पुरेसं आहे. एक घनमीटर समुद्राचं पाणी एक टनाहून जड असतं. हवेच्या साधारण आठशे पट. घोट्याच्या जरा वर, पंधरा सेंटिमीटर, वेगाने वाहणारं पाणी धडधाकट माणसाला पाडतं. साठ सेंटिमीटरमध्ये मोटारी तरंगू लागतात. उधाणाच्या पाठीवर पुन्हा लाटा असतात, आणि लाटांवर शेजारच्यांच्या घराची लाकडं. वाऱ्याशी अभियांत्रिकीने बऱ्यापैकी जमवून घेतलं आहे. १९९२ च्या 'अँड्र्यू'ने दक्षिण फ्लोरिडातली छपरं उडवल्यावर बांधकामाचे नियम कडक झाले: छप्पर भिंतीला पोलादी पट्ट्यांनी बांधायचं, खिडक्यांना झडपा, गॅरेजचं दार मजबूत. ते दार आत दबलं की वारा घरात शिरून छप्पर खालून उचलतो. (काचांवर चिकटपट्टीची फुली मारण्याची पद्धत मात्र निव्वळ मनाचं समाधान.) पाण्याशी जमवून घ्यायचा मार्ग एकच, त्याच्या वर राहणं. म्हणून किनाऱ्यालगतची नवी घरं खांबांवर असतात, आणि खाली भिंत घातलीच तर ती पाण्याच्या पहिल्या धक्क्याला निखळून जाईल अशीच बांधतात.

गॅल्व्हेस्टनने तर अख्खं शहर वर उचललं. ८ सप्टेंबर १९०० च्या वादळात त्या सपाट बेटावर सुमारे आठ हजार माणसं मेली. आजही अमेरिकेतली ती सगळ्यात मोठी नैसर्गिक प्राणहानी आहे. त्यानंतर पाच मीटरची समुद्रभिंत बांधली, दोन हजारांच्या वर इमारती जॅक लावून उचलल्या आणि खाली समुद्रातून उपसलेली वाळू भरली. भिंतीने पुढची अनेक वादळं अडवली. आइकच्या वेळी मात्र पाणी मागच्या दाराने, भिंत नसलेल्या खाडीच्या बाजूने, शहरात शिरलं.

या किनाऱ्यांवरचे आपत्ती-अधिकारी म्हणतात, पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून लपा. घर भक्कम आणि उंचावर असेल तर नुसत्या वाऱ्यासाठी शेकडो किलोमीटर पळायचं कारण नाही. रीटाच्या वेळी ह्यूस्टन परिसरातून पंचवीस लाखांहून अधिक लोक रस्त्यावर उतरले. त्यांतल्या कित्येकांच्या घराला पाण्याचा धोका नव्हता. भर उन्हात तासन्‌तास तुंबलेल्या रस्त्यांवर शंभराच्या आसपास माणसं दगावली. त्यात एका पेटलेल्या बसमधले २३ वृद्ध होते. वादळाने थेट मारलेले त्यामानाने थोडे.

म्हणून आता किनाऱ्यावरच्या भागांना स्थलांतराची अक्षरं दिलेली असतात. फ्लोरिडात 'ए' म्हणजे सगळ्यात आधी निघायचं. संगणकावर हजारो काल्पनिक वादळं किनाऱ्याला धडकवून ही अक्षरं ठरतात. २०१७ पासून हरिकेन केंद्र उधाणाचा स्वतंत्र इशाराही देतं, 'जमिनीपासून इतके फूट पाणी' अशा साध्या भाषेत. तरीही वादळाचा संभाव्य मार्ग दाखवणारा नकाशावरचा तो प्रसिद्ध पांढरा शंकू लोकांना भुलवतो. वादळाचा मध्य तीनपैकी दोन वेळा त्या शंकूत राहतो, इतकंच तो सांगतो. वादळ केवढं रुंद आहे, पाणी कुठे चढेल, यांतलं काहीही त्यात नसतं.

समुद्रापासून दूर राहणाऱ्यांनी निर्धास्त व्हावं असंही नाही. अलीकडच्या काळात अमेरिकेत उधाणापेक्षा पावसाच्या पुरात जास्त लोक जात आहेत. २०१७ मध्ये 'हार्वे' टेक्ससवर रेंगाळलं आणि नेडरलँड या गावात १५३९ मिलिमीटर पाऊस पाडून गेलं. २०२४ मध्ये 'हेलेन'ने फ्लोरिडाला धडक दिली, पण सगळ्यात भीषण संहार शेकडो किलोमीटर आत, नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरांत झाला. तिथल्या अ‍ॅशव्हिल शहराच्या नळांना पिण्याजोगं पाणी यायला सात आठवड्यांहून जास्त लागले. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते, तेव्हा हा प्रकार कमी व्हायची चिन्हं नाहीत.

वारा पडल्यावर मरणाची रीत बदलते. २०२० च्या 'लॉरा'ने लुइझियानात पाच मीटरच्या वर उधाण आणलं, पण लोक वेळेत निघाले होते, उधाणात तिथे कुणी बुडालं नाही. बरेच जीव गेले ते नंतर, घराला खेटून किंवा बंद गॅरेजात चालवलेल्या जनरेटरच्या कार्बन मोनॉक्साइडने. या वायूला वास नाही, रंग नाही. जनरेटर घरापासून किमान सहा मीटर लांब हवा. प्वेर्तो रिकोत २०१७ च्या 'मारिया'चे अधिकृत बळी आधी ६४ होते. पुढच्या महिन्यांत वीज, औषधं, दवाखाने यांअभावी गेलेले मोजल्यावर ते २,९७५ झाले. शेवटच्या घरांत वीज यायला अकराएक महिने लागले.

निघण्यापूर्वी अनुभवी घरांत एक छोटी युक्ती करतात. कपभर पाण्याचा बर्फ करून त्यावर एक नाणं ठेवायचं आणि कप फ्रीझरमध्येच सोडायचा. परतल्यावर नाणं वर असेल तर ठीक. तळाशी असेल तर मधे वीज गेली होती, बर्फ वितळला आणि पुन्हा गोठला, तेव्हा आतलं सगळं फेकायचं.

आणि विमा. अमेरिकेतल्या घराच्या साध्या विम्यात वाऱ्याचं नुकसान सहसा धरतात, पुराचं नाही. त्यासाठी वेगळी पॉलिसी लागते, बहुतेक १९६८ पासून चालणाऱ्या सरकारी योजनेतली. कट्रिनानंतर मिसिसिपीत शेकडो घरांचे फक्त चौथरे उरले होते. छप्पर वाऱ्याने आधी गेलं की भिंती पाण्याने, हे चौथरा सांगत नाही. त्या भांडणात वर्षानुवर्षं खटले चालले, आणि पाण्याची पातळी किती वाजता किती होती हे सांगायला शास्त्रज्ञ साक्षीदार म्हणून उभे राहिले. पुराची सरकारी पॉलिसी घेतली तरी ती साधारणपणे ३० दिवसांनी लागू होते. वादळाला नाव मिळाल्यापासून किनारा गाठायला बऱ्याचदा आठवडाही लागत नाही. त्यामुळे १ जूनला सुरू होणाऱ्या हंगामाची ही एक तयारी मेच्या पहिल्या दिवसांतच उरकावी लागते.