नवजात बाळाची कावीळ : रक्त न काढता देखरेख

जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात बाळाच्या त्वचेवर आणि डोळ्यांत दिसणारा पिवळेपणा चढतो आहे की उतरतो आहे, हे टाचेला सुई न टोचता पाहण्याच्या पद्धती. पूर्ण दिवसांच्या सुमारे ६० टक्के आणि अपुऱ्या दिवसांच्या सुमारे ८० टक्के बाळांना कावीळ होते. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य तयार होते, पण बाळाचे कोवळे यकृत त्याचा पुरेसा निचरा करू शकत नाही. बहुतेकांची कावीळ आपोआप ओसरते. मात्र बिलिरुबिन फार वाढून मेंदूत शिरले, तर बहिरेपणा आणि कायमचे अपंगत्व येऊ शकते. देखरेख हवी ती एवढ्यासाठीच.

सर्वांत जुनी पद्धत नजरेची. उजेडात बाळाची कातडी बोटाने दाबायची आणि बोट उचलताच खालचा रंग पाहायचा. पिवळेपणा चेहऱ्यापासून पायांकडे उतरत जातो, हे क्रेमर या डॉक्टरांनी १९६९ मध्ये मांडले. तळवे पिवळे झाले असतील तर थांबू नये. पण नजर फसते, सावळ्या कातडीवर तर अधिकच. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एखाद्या जुन्या मराठी घरात बाळंतिणीची खोली अंधारी असते, बाळाला हळद घातलेले पीठ लावून न्हाऊ घालतात. मग पिवळेपणा हळदीचा की काविळीचा हे आजीलाही सांगता येत नाही. अशा वेळी बाळाला खिडकीशी आणून हिरड्या आणि डोळे पाहावेत. मात्र पहिल्या २४ तासांतच पिवळेपणा दिसला, तर तो नेहमीचा न मानता लगेच रक्त तपासायला हवे.

१९८० मध्ये जपानमध्ये यामानोउची आणि सहकाऱ्यांनी त्वचेवरून बिलिरुबिन मोजणाऱ्या यंत्राची माहिती प्रसिद्ध केली. हातात मावणारे हे यंत्र कपाळावर किंवा छातीच्या मधल्या हाडावर टेकवले की प्रकाश टाकते आणि परतलेल्या प्रकाशावरून आकडा दाखवते. बाळाला दुखत नाही, आकडा लगेच मिळतो. तरी ही चाळणीच आहे, अंतिम निवाडा रक्ताचा. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शनानुसार यंत्राचा आकडा १५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून अधिक असेल, किंवा बाळाच्या उपचार-मर्यादेपासून (ज्या आकड्याला उपचार सुरू करतात तिथपासून) ३ मिलिग्रॅमच्या आत असेल, तर रक्त तपासलेच पाहिजे. काविळीच्या उपचारासाठी निळ्या प्रकाशाखाली ठेवलेल्या बाळाची उघडी कातडी आधी फिकी पडते, म्हणून उपचार चालू असताना यंत्रावर विसंबता येत नाही.

कावीळ साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी शिखरावर असते, आणि नेमके तेव्हाच बाळ घरी आलेले असते. आशा कार्यकर्तीची तिसऱ्या आणि सातव्या दिवसाची भेट म्हणूनच मोलाची. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी उभ्या केलेल्या घरपोच नवजात सेवेतून ही भेटींची पद्धत देशभर गेली. बाळ सुस्त असेल, दूध ओढत नसेल, लंगोट कमी ओले होत असतील, तर रंग कसाही असो, दवाखाना गाठावा. ग्वाल्हेरात त्यासाठी कमलाराजा रुग्णालय आहे.

ट्रंकेतले जुने झबले थेट अंगावर घालू नये : डांबरगोळ्यांतील नॅप्थालीनमुळे जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी झपाट्याने फुटतात आणि कावीळ वाढते.

दोन आठवड्यांनंतरही पिवळेपणा राहिला, तर पाहायचा तो लंगोट. शी पांढुरकी आणि लघवी गडद पिवळी असेल, तर पित्तनलिका बंद असण्याची शक्यता असते. त्यावरची शस्त्रक्रिया बाळ ६० दिवसांचे होण्याआधी झाली, तर यशाची आशा जास्त.